वारा बघून सांगतो

"वारा बघून सांगतो."

तांडेलांना काहीही विचारलं की आधी हे उत्तर यायचं. चहा घेणार का, उद्या रजा टाकणार का, कँटीनमधलं उपीट खाण्याजोगं आहे का, कशालाही. मग ते स्टुलावरून उठायचे, खिडकीचं एक दार उघडायचे, डावा गाल बाहेर काढून क्षणभर डोळे मिटायचे आणि परत येऊन सांगायचे, "मतलई पडला. आता खारा सुटेल. घेऊ या चहा."

मतलई म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा आणि खारा म्हणजे समुद्राकडून येणारा, हे आपण सगळेच शाळेत शिकलो आहोत. पण आमचं ऑफिस बंगळुरात, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीखाली रिक्षास्टँड, पलीकडे एक झेरॉक्सचं दुकान. जवळचा समुद्र गाठायचा तर रात्रभर बसमध्ये बसावं लागायचं. तरी तांडेल रोज दहा वाजता खारा वारा सुटल्याचं जाहीर करायचे आणि आम्ही निमूटपणे चहाला उठायचो.

तांडेल म्हणजे होडीवरच्या खलाशांचा मुख्य. आमचं खातं कस्टम्सचं. चोरटा माल पकडायला किनाऱ्यावर खात्याच्या लाँच फिरत, त्यांतल्या कारवारकडच्या एका लाँचवर या गृहस्थांनी उमेदीची सारी वर्षं घालवली होती. लाँच म्हातारी झाली आणि मोडीत निघाली. तांडेलांना मोडीत काढायची सोय सरकारात नव्हती, निवृत्तीला काही वर्षं उरली होती, म्हणून त्यांना मुख्यालयात पाठवून दिलं. हुद्दा तांडेलच राहिला. समुद्रसपाटीपासून तीन हजार फूट उंचीवर नेमणूक झालेला तांडेल दुसरा कुठे असेलसं मला वाटत नाही.

त्यांचं नाव दर महिन्याला पगारपत्रकात मीच टाइप करत होतो. इथे मात्र लिहीत नाही. त्यांनी लिहू नका म्हटलेलं मी एकदा लिहिलं आहे, तेवढं पुरे झालं.

मी त्या ऑफिसात हेडक्लार्क होतो. आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलं आणि परत जायचं विसरलं. बनशंकरीत आमचं घर, घरात मराठी, पण त्यात कानडी इतकी मुरलेली की पुण्याचे पाहुणे आले की निम्म्या वेळा नुसते हसून मान डोलावतात. तांडेल कारवारकडचे, त्यांची शाळा मराठीतून झालेली, घरची बोली कोकणी. अख्ख्या मजल्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघेच. पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून त्यांनी मान तिरकी केली.

"बाब, तुमचं मराठी आंबवलेलं वाटतं. इडलीसारखं."

"आणि तुमचं खारवलेलं," मी म्हटलं.

ते खूश झाले. तेव्हापासून मी त्यांचा 'रायटरबाब' झालो. लिहिणाऱ्या माणसाला ते रायटर म्हणत आणि बाब हे त्यांच्याकडचं मानाचं संबोधन. मला हे नाव फार आवडायचं. ऑफिसात सगळे मला हेडक्लार्क म्हणत, आणि त्यातला क्लार्क जरा मोठ्याने म्हणत.

त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नसत. लाँच धक्क्याला बांधताना दोर आणि लोखंडी खुंट यांच्यात हात सापडला होता. त्यामुळे पेन धरणं म्हणजे त्यांना शिक्षा. सही करायचे ती डाव्या हाताने मनगट दाबून. गावाकडे बहिणीला पत्र लिहायचं असलं की निळं आंतर्देशीय पत्र माझ्यापुढे ठेवून बसायचे. ते सांगायचे, मी लिहायचो. पत्रात नेहमी तेच असायचं. मी बरा आहे, इथला मासा वाईट आहे.

माशावरून आठवलं. एकदा माझ्या बायकोने त्यांना जेवायला बोलावलं आणि मी हौसेने बाजारातून बर्फातली सुरमई आणली. तांडेलांनी ताटाकडे पाहिलं, बोटाने तुकडा हळूच दाबला.

"वैनी, रस्सा फाकडू झालाय हां," ते म्हणाले. मग माझ्या कानाशी येऊन, "पण बाब, या बिचाऱ्याचं तेरावं कधीच होऊन गेलंय. तुम्ही वर्षश्राद्धाला आणलात."

तरी दोन वेळा भात घेतला. बायको अजून त्यांची आठवण काढते. मी विषय बदलतो.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ज्या जागेसाठी घडली तिथून उपटून त्यांना भलतीकडे लावलेलं असतं, आणि तिथेही ती आपली मुळं धरून उभी असतात. ऑफिसात लोक त्यांची गंमत करत. "तांडेल, भरती कधी आहे?" कोणी विचारलं की ते घड्याळ न बघता वेळ सांगत. एकदा मी वर्तमानपत्रातल्या वेळेशी ताडून पाहिलं. बरोबर निघालं.

मुंबईतल्या त्या स्फोटांनंतर सगळ्या किनाऱ्यांकडे सरकारचं लक्ष गेलं. सामान समुद्रातून आलं होतं हे एव्हाना पोरासोरांना माहीत झालं होतं. आमच्या भागातली गस्त तुटपुंजी होती. लाँच दोन मोठ्या बंदरांच्या आसपास फिरत आणि मधला मोठा पट्टा देवाच्या भरवशावर. वरून हुकूम आला, गस्त या मधल्या पट्ट्यात वाढवायची. नवी लाँच, नव्या चौक्या, बिनतारी यंत्रं. त्यासाठी आधी प्रस्ताव पाठवा, आणि माल गुपचूप उतरवता येईल अशा जागांची यादी जोडा.

प्रस्ताव लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी जन्मात तीनदा समुद्र पाहिला होता आणि तीनही वेळा पाय भिजवून परत आलो होतो. नकाशावर त्या पट्ट्यात नुसती वाकडी रेघ, एकही नाव नाही. साहेब म्हणाले, "तो तुमचा माणूस आहे ना, स्टुलावरचा? त्याला विचारा."

मग दोन महिने आमच्या दुपारी माझ्या टेबलावर गेल्या. तांडेल काचेचा ग्लास उपडा ठेवून बेट करायचे, टाचण्यांचे खडक, दोऱ्याचा किनारा. नकाशावर नसलेल्या एकेका जागेला लोकांनी दिलेलं नाव होतं. तीन माडांची वाळू. म्हातारीचा दात. उपाशी खळी; खळी म्हणजे किनाऱ्यात आत वळलेली पाण्याची खाच, आणि उपाशी, कारण तिथे जाळ्यात काही लागत नाही. कुठे पाणी खोल, कुठे बैलगाडी वाळूपर्यंत येते, कुठे गावातला कोण माणूस एकाएकी दुमजली झाला, सगळं त्यांच्या जिभेवर. मी लिहून घेत होतो.

या कामाने त्यांचा चेहरा बदलला. स्टुलावर बसणारा माणूस खुर्ची ओढून बसू लागला. चोरट्या मालावर त्यांचा मनापासून राग होता. एकदा त्यांनी घड्याळांनी भरलेली होडी धरली होती, ती कशी ओळखली हे मला चार वेळा सांगितलं.

"मासे भरून होडी परत येते ना बाब, तर मागून पाखरांची झुंबड. ही होडी पाण्यात बसलेली, जड, आणि वर पाखरू म्हणून एक नाय. मी म्हटलं, मासे नाय तर मग वजन कसलं? फिरव लाँच."

"आणि त्यांनी पैसे देऊ केले असतील?"

"केले की. मी म्हटलं, वारा बघून सांगतो. आणि बघता बघता सगळ्यांना बंदरात आणलं."

त्या यादीत शेवटी त्यांचं स्वतःचं गाव आलं. दोन डोंगरांच्या मधे एक लहानशी खळी, वीस-पंचवीस घरं. मी विचारलं, "इथे काय उतरतं?"

"इथे? इथे बांगडे उतरतात आणि भांडणं उतरतात," ते हसले. "तोंडाशीच खडक आहे. परक्याची होडी आत येईलच कशी? आमची येते ती लुगड्यावर."

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. खळीच्या तोंडाशी असलेला खडक ओहोटीला दिसतो, भरतीला पाण्याखाली जातो. त्याच्या बाजूने एक होडी जाईल एवढीच वाट. ती वाट समुद्रातून दिसत नाही, कड्यावरून दिसते. म्हणून कड्यावर एक बांबू रोवलेला, आणि त्याला तांबडं लुगडं. घरचे पुरुष दर्यावर गेले की बायका पाळीपाळीने तिथे बसतात. वाट मोकळी असली की लुगडं वर. पाणी खडकावर आपटायला लागलं की लुगडं खाली, म्हणजे आत येऊ नका, बाहेर थांबा. दर नारळीपौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की बांबूवर नवं लुगडं चढतं, आणि ते कोणत्या घरातून यायचं हेही ठरलेलं. घराची पाळी पहिल्यांदा आली तेव्हा त्यांच्या बहिणीने स्वतःचं लग्नातलं लुगडं दिलं होतं. तिचा नवरा दर्यावर गेला की ती दुसऱ्या कोणाला तिथे बसूच देत नसे.

सांगून झाल्यावर त्यांनी टेबलावरची एक टाचणी उचलून बाजूला ठेवली.

"हे लिहायचं नाय हां, बाब. आमच्या बायकांची गोष्ट ही. आणि गावाचं नावसुद्धा यादीत नको. तिथे चौकी ठेवून काय बांगडे मोजणार?"

"छे छे," मी म्हटलं. आणि खरोखर तेव्हा नाही लिहिलं.

आता जे सांगायचं ते सरळ सांगतो. प्रस्ताव वरून परत आला. शेरा होता, की ही नुसती नावांची जंत्री आहे, संशयाला ठोस आधार काय? साहेब माझ्यावर उखडले. मला इंग्रजी मसुदे लिहिण्याचा अभिमान होता, आजूबाजूच्या विभागातले लोक माझ्याकडून लिहून घेत. तो शेरा मला लागला. मी दोन दिवस यादी पुढे घेऊन बसलो. आधार कुठेच नव्हता, सगळं ऐकीव. आणि मग मला ते लुगडं आठवलं.

मी यादीत आणखी एक जागा घातली आणि पुढे एक वाक्य लिहिलं. या ठिकाणी स्थानिक लोक कड्यावरून ठरावीक खुणा करून समुद्रातल्या होड्यांना आत आणतात, असं खात्रीलायकपणे समजतं.

पुन्हा वाचून पाहा. त्यातला एकही शब्द खोटा नाही. बायका म्हटलं नाही, लुगडं म्हटलं नाही, नवरे म्हटलं नाही. लिहिताना मला आनंद झाला होता, हेही सांगून टाकतो. वाक्य छान बसलं होतं. साहेबांनी समासात बरोबरची खूण केली आणि पहिल्यांदाच मला समोरच्या खुर्चीत बसवून कॉफी दिली. तांडेल तेव्हा चार दिवस तापाने घरी होते.

मंजुरी यायला वर्ष लागलं. आली त्या दिवशी तांडेलांनी ऑफिसभर पेढे वाटले. जणू त्यांच्याच घरी कार्य होतं. "बाब, आता म्हातारीच्या दातापाशी लाँच उभी राहील. बघा आता एकेकाची कशी तंतरते." मग साहेबांनी चौक्यांची नावं वाचली. पैसा सगळ्यांना पुरणार नव्हता, म्हणून ज्या जागेबद्दल सर्वांत ठोस आधार होता तिथे पहिली चौकी. ते त्यांचं गाव होतं.

पेढ्यांचा पुडा हातात धरून तांडेल माझ्या टेबलाशी आले.

"आमचं नाव कसं आलं, बाब?"

"वरून आलं," मी म्हटलं.

"वरून म्हणजे?"

"वरून म्हणजे वरून, तांडेल. तिकडे कोण काय ठरवतं, आपल्याला थोडंच सांगतात?"

मी टाइपरायटरमध्ये कागद सरकवला. कागद कोराच होता, काही टाइप करायचं नव्हतं. ते खिडकीपाशी गेले, दार उघडलं, गाल बाहेर काढला. बराच वेळ उभे राहिले. परत येऊन वारा कोणता ते काही सांगितलं नाही.

त्या दिवशी मी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी पुढे पुष्कळ केला. चौकी अजून व्हायची होती. ते साहेबांकडे गेले असते, मी दुरुस्तीचं पत्र काढलं असतं, कड्यावरची खूण कसली ते एका परिच्छेदात लिहिता आलं असतं. मला मसुदा येत होता की! पण मसुदा बदलायचा तर आधीचा चुकला म्हणावं लागलं असतं. आणि साहेबांच्या समोरची खुर्ची मला नुकतीच मिळाली होती.

उन्हाळ्यात चौकी झाली. पावसाळ्यात तिकडच्या होड्या बंद असतात. नारळीपौर्णिमा होऊन दहाएक दिवस झाले असतील, तांडेलांच्या बहिणीचं पत्र आलं. त्यांचा चष्मा दुरुस्तीला टाकलेला होता. पत्र माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "वाचा, बाब."

मी वाचलं. मोठ्याने, माझ्या तोंडाने.

दादा, चौकीवाले लोक परके आहेत, आमची भाषा त्यांना येत नाही. त्यांनी बांबू उपटून नेला. खुणा करायला बंदी आहे असा कागद दाखवला. आम्हा बायकांना चौकीवर दिवसभर बसवलं आणि कोणाला खुणा करता विचारलं. नवऱ्यांना, म्हटलं तर हसले. या वर्षी नवं लुगडं चढलं नाही. पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी हे परत येत होते. भरती होती, खडक दिसला नाही. होडी फुटली. यांचा पाय मधे सापडला, तो गुडघ्याखाली काढावा लागला. आता हे घरात बसून दुसऱ्यांची जाळी विणणार. गावात म्हणतात, लुगड्याची गोष्ट तुझ्या ऑफिसातल्या कागदावर होती. दादा, तू सांगितलीस का?

पत्र संपलं. मी ते घडीवर घडी घालून लहान करत राहिलो. तांडेलांनी खिशातून कोरं आंतर्देशीय पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं.

"लिहा, बाब. 'होय. मीच सांगितली.'"

मी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"लिहा. तुमचं अक्षर तिला लागतं."

मी लिहिलं. होय, मीच सांगितली. मग कुठून धीर आला कोण जाणे, पण विचारलं, "कोणाला सांगितली, ते लिहू?"

तांडेलांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी तो घेतला असता, माझ्या हक्काचा होता. पण तिथे राग नव्हता. होडीवरच्या नवख्या पोराचं काहीतरी चुकलं की जुना माणूस बघतो तसं त्यांनी पाहिलं.

"ते नको," ते म्हणाले. "पत्र लांबतं."

पुढे स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "चोराला धरायचं तर चोराला धरा. वाटेला कशाला बांधायचं?" मग मनगट दाबून पत्राखाली सही केली.

त्या गोष्टीनंतर ते गावी गेले नाहीत. आधी दर गणपतीला जायचे, बाकी वर्षभर त्याच्याच गप्पा. बायको पूर्वीच गेलेली, मूलबाळ नाही, बहीण हेच काय ते घर. आता पत्रं थांबली. ते माझ्याशी पूर्वीसारखेच वागत, आणि मला तेच सोसत नव्हतं. मी दुपारच्या वेळी दुसऱ्या विभागात कामं काढू लागलो. साहेबांनी माझी बढतीसाठी शिफारस केली, ती मी घेतली. नको म्हटलं असतं तर जरा बरं वाटलं असतं, पण म्हटलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी हार-तुरे झाले. मी भाषण केलं आणि भाषण चांगलं झालं, माझं लेखन नेहमीच चांगलं होतं. नंतर जिन्यात विचारलं, "आता गावी ना, तांडेल?"

"नाय. तिथला वारा आता बरा नाय," ते म्हणाले. "येलहंक्याला खोली बघितलीय. तिकडे मोकळं आहे, वारा लागतो. विमानं जरा बोंबलतात. या एकदा, बाब. वैनींना आणा."

"येतो की."

बनशंकरी शहराच्या एका टोकाला, येलहंका दुसऱ्या. दोन बस बदलाव्या लागत. पण खरं कारण ते नव्हतं, तुम्हीही ते ओळखलं असेल. पेन्शनच्या कामाला ते अधूनमधून ऑफिसात येत आणि दर वेळी विचारत. "आला नाय तो?" मी कधी पाहुणे म्हणायचो, कधी ताप. एकदा सगळी कारणं संपली तेव्हा मी म्हटलं, "अहो, आलो होतो मागच्या रविवारी. तासभर हिंडलो. सगळी घरं सारखी, तुमचं काही सापडलं नाही."

मी घराबाहेर पडलोसुद्धा नव्हतो.

तांडेलांचा चेहरा एकदम पडला. मी खोटं बोललो असेन हे त्यांच्या मनातही आलं नाही; चेहरा पडला तो मी उन्हात हिंडलो म्हणून. "अरेरे! तासभर? माझंच चुकलं, बाब. नवख्या माणसाला खूण नको का सांगायला? काही तरी करतो मी." आणि गडबडीने निघाले.

त्यानंतर ते ऑफिसात आले नाहीत. तीन-चार महिने गेले. मी त्या काळात एक पत्र लिहिलं. त्यांच्या बहिणीला. साधं, मराठीत. 'लुगड्याची गोष्ट तुमच्या भावाने मला विश्वासाने सांगितली होती आणि लिहू नका असंही सांगितलं होतं. मी लिहिली. त्यांचा दोष नाही.' एवढ्या चार ओळींना मला जितके कागद फाडावे लागले तितके कुठल्याच प्रस्तावाला लागले नव्हते. ठरवलं, की येलहंक्याला जायचं, पत्र आधी त्यांना वाचून दाखवायचं आणि मग टाकायचं.

एका रविवारी सकाळी निघालो. पत्ता खिशात होता, तरी मनात कुठेतरी वाटत होतं, घर खरंच सापडलं नाही तर बरं. स्टॉपवर उतरलो. मैदानापलीकडे दहा-बारा घरांची रांग, सगळी पांढऱ्या चुन्याची, सगळी खरोखरच सारखी. आणि त्यांतल्या एका गच्चीवर उंच बांबू, त्याला तांबडं लुगडं. वाऱ्यावर फडफडत होतं. स्टॉपवरून दिसत होतं, बसमधूनही दिसलं असणार.

मी तिथेच थांबलो. मग त्या घराकडे चालू लागलो.

दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. घरमालकीण, आमच्यासारखीच जुनी बंगळुरी मराठी. मी तांडेलांचं नाव घेतलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"अय्यो, तुम्हीच का ते रायटर? बन्नी, आत या. स्वल्प उशीर झाला की हो, अण्णा."

तीन आठवडे झाले होते. सकाळी गच्चीवरून उतरून चहा पिताना गेले, त्रास झाला नाही म्हणाल्या. शेजारच्यांनी सगळं केलं. "कारवारला तार केली होती. कोणी आलं नाही. बहीण आहे म्हणायचे, पण आली नाही."

मी खिशातल्या पत्रावर हात ठेवला.

"ते वरचं लुगडं..." मी म्हटलं.

"माझंच जुनं आहे. मागून घेतलं होतं. ऑफिसातले रायटर आले होते, त्यांना घर सापडलं नाही, उन्हात हिंडून परत गेले, म्हणून सारखे हळहळायचे. स्वतः बांबू आणला, त्या बोटांनी गाठ मारली. रोज सकाळी वर चढवायचे, संध्याकाळी उतरवायचे. रविवारी तर गच्चीतच बसायचे दुपारपर्यंत. मी म्हणायची, अण्णा, ऊन आहे, खाली या. तर म्हणायचे, लुगडं वर असलं की कोणीतरी बसायला लागतं, अक्का, नाहीतर येणाऱ्याचा घात होतो."

मी गच्चीवर गेलो नाही. बाईंनी विचारलं, "आता उतरवू का? मला ती गाठ सुटत नाही, म्हणून तसंच राहिलंय." मी म्हटलं, असू दे. गाठ मलाही सुटली नसती.

स्टॉपजवळ पोस्टाची पेटी होती. पत्र तिच्यात टाकलं. वाचून दाखवायला कोणी उरलं नव्हतं आणि ज्याच्यासाठी लिहिलं त्याला आता त्याचा उपयोग नव्हता, तरी टाकलं. त्याचं उत्तर आलं नाही.

बसमध्ये मी मागच्या बाजूला, खिडकीशी बसलो. वळणापर्यंत लुगडं दिसत राहिलं. ते वर होतं. वाट मोकळी आहे, आत या, असं सांगत होतं.